तिसरी रोयण

शंभू फाटक न उघडताच बाहेरून ओरडला, "मास्तर, रोयण फोडली! मुळासकट फोडली!"

रविवारची सकाळ होती. वर्ग भरायला तासभर अवकाश होता आणि मी सोप्यावर बसून मुलांच्या वह्या तपासत होतो. पेन खाली ठेवलं.

"कुठली रे?"

"आवयची. काजीच्या बागेमागची. काल सांजेर भायल्यो दोन गाड्यो आयल्यो. पिकासान खणली. कळेसुद्धा सोडूंक नात."

डिचोलीत आमच्या वाड्यामागे, वस्तीला लागूनच, डोंगर चढतो. तिथल्या रोयणींवर, म्हणजे वाळवीच्या वारुळांवर, श्रावणात आठ-दहा दिवस आळमी, म्हणजे रानातली अळंबी, उगवतात. रोयण म्हणजे आमची सातेरी देवी. आळमी काढणारी बाई आधी रोयणीवर फूल ठेवते, मग उमललेली आळमी देठाशी हलकेच वळवून काढते, मिटलेले कळे दुसऱ्या दिवसासाठी राखते. आणि जागा कुणाला सांगत नाही. शंभूची आई देवकी चाळीस वर्षं सागाच्या पानात आळमी बांधून बाजारात विकत आली, पण वाड्यातल्या कुणी तिला "खंयची गो?" असं कधी विचारलेलं नाही. तसं विचारायचंच नसतं.

"जागा दोगांकच म्हायत," शंभू म्हणाला. "एक आवय. दुसरी तुमच्या इस्कोलातली ती गोरी पोर."

ही पोर बासष्ट वर्षांची आहे. इल्से मूळची हॉलंडची. नऊ वर्षांपूर्वी देवकीच्या घरामागच्या दोन खोल्या तिने भाड्याने घेतल्या आणि वाड्याने तिची इलाबाय करून टाकली. माझ्या रविवारच्या वर्गात ती दुसरी-तिसरीच्या मुलांबरोबर चटईवर बसून मराठी शिकली, त्यामुळे बोलते पाठ्यपुस्तकासारखी. "कृपया चार उंडे द्यावेत," असं तिने म्हटलं की पाव विकणारा पोदेर सायकलवरून उतरून उभा राहतो. गेल्या वर्षी देवकीच्या गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा टोपली धरायला म्हणून तिने इल्सेला डोंगरावर नेलं. शंभूला नेलं नव्हतं.

"पन्नास वर्सां जालीं माका, आवयन कधी सांगूंक ना," शंभू म्हणाला. त्याने मान दुसरीकडे वळवली. "आनी तिका हाताक धरून दाखयली. तिणें बाजार मांडलो. उद्यां तिच्या भाड्याच्या कागदार म्हजी सही जाय. सही ना, तर हांगा रावपाचो परवानो ना. हांव करचो ना, मास्तर. सांजेर आमच्या सोप्यार येयात. ती किते म्हणटा ते तुमीय आयका."

तो गेला. मी वह्यांचा ढीग तसाच मांडीवर घेऊन बसलो. जागा कशी फुटली ते मला ठाऊक होतं.

जूनमध्ये मी मुलांना निबंध घातला होता, 'माझा वाडा'. इल्सेनेही लिहिला. इतका जिवंत निबंध माझ्या हाती बऱ्याच वर्षांत आला नव्हता. तो मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, वर लिहिलं, 'परदेशी विद्यार्थिनीचं मराठी पाहा.' पणजीहून, पुण्याहून, कुवेतहून शाबासक्या आल्या. कुणी कुणी तो पुढे पाठवला. त्या शाबासक्या मी महिनाभर पुन्हा पुन्हा वाचत होतो.

कपाटातून तिची वही काढली. पहिल्या खर्ड्यात होतं, 'डोंगरावर एका जागी आजी आळमी काढतात.' त्याखाली माझी तांबडी शाई: 'एका जागी म्हणजे कुठे? वाचकाला वाट दिसली पाहिजे.' पुढच्या पानावर वाट होती.

मला आणखीही आठवलं. ती वही घेऊन माझ्याजवळ आली होती. "सर, ही वाट आजींची आहे. लिहू का?" माझ्या हातात दुसऱ्या चार वह्या होत्या. मी वर न बघता म्हणालो होतो, "निबंधात लपवाछपवी करायची नाही."

मी याच वाड्यात जन्मलो. आळम्यांची रीत मला कुणी शिकवावी लागली नव्हती. पण त्या क्षणी मला फक्त एक कच्चं वाक्य दिसलं.

मुलं आली. "इलाबाय कशी येऊंक ना?" असं तिघांनी विचारलं. मी त्यांना पाढे म्हणायला लावले आणि स्वतः सतराच्या पाढ्यात चुकलो. मुलं गेल्यावर वही घेऊन मागीलदारी गेलो. न्हाणीची चूल पेटलेली होती. माझं ते तांबडं वाक्य या वहीतच होतं. इल्से माझं नाव घेणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. अर्धा वाडा माझ्या हाताखाली शिकलेला, शंभूसुद्धा. चुलीपुढे मी बराच वेळ उभा होतो. पाणी उकळून सांडू लागलं तेव्हा वही काखेत मारून घरात आलो.

संध्याकाळी देवकीच्या सोप्यावर देवकी, शंभू आणि शेजारची सुमन बसली होती. इल्से अंगणात उभी होती. कुणी तिला बस म्हटलं नव्हतं.

"विचारा तिका," शंभू मला म्हणाला.

"चूक माझी आहे," इल्से म्हणाली. "मी जागा लिहिली. मी क्षमा मागते."

"क्षमा!" शंभू हसला. "पुस्तकांतलें उतर. रोयण परत जातली त्या उतरान?"

"नाही होणार," ती म्हणाली.

"कोणें लिवपाक सांगलें तुका?"

माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. सुमन पुटपुटली, "भायली ती भायलीच," आणि इल्सेची मान खाली गेली. नऊ वर्षांत परकेपणाचा हा शब्द तिच्यासमोर कुणी काढला नव्हता.

"मी सांगितलं," मी म्हणालो.

शंभूला वाटलं मी तिला वाचवतोय. "मास्तर, तुमी मदी पडूं नकात."

मी वही उघडून त्याच्यापुढे धरली. माझं अक्षर त्याने चार वर्षं पाटीवर गिरवलं होतं. त्याने ते वाक्य वाचलं, पान उलटलं, पुन्हा मागे आला. "तिणें तुमकां विचारिल्लें?"

"विचारलं होतं. मी लिही म्हटलं. आणि हा निबंध सगळीकडे धाडला तोही मीच."

देवकी आतापर्यंत बोलली नव्हती. तिला वाचता येत नाही. "वाचा," ती म्हणाली. "पयल्यान सावन."

मी वाचू लागलो.

'माझा वाडा सकाळी पोदेराच्या भोंग्याने जागा होतो. गरम उंडा मी घरी नेईपर्यंत अर्धा खाते. बाजारात बाबली यांच्या गाड्यावर पातळ भाजी मिळते. ते मला विचारत नाहीत, मिरची घालतात. मला ते आवडते, कारण पाहुण्यांना ते विचारतात. दुपारी विहिरीवर कळशीचा आवाज आला की मी ओळखते, ही सुमनताई, त्या कळशी आपटतात.'

सुमन पदराशी चाळा करू लागली.

'हॉलंडमध्ये माझ्या रस्त्यावर मी तीस वर्षे राहिले. तिथे मी आजारी पडले तर डॉक्टरांना कळते. इथे मी खिडकी उघडली नाही तर आजींना कळते.'

पुढचं वाक्य वाटेचं होतं. मी थांबलो.

"तेंय वाचा," देवकी म्हणाली.

वाचलं. काजूच्या बागेचं कुंपण, मोडका पंप, डावीकडची पायवाट, तिसरी रोयण.

"बरोबर लिवलां," देवकी म्हणाली. "एक पावल चुकूंक ना." मग माझ्याकडे वळली. "मास्तर, माजी न्हू रोयण ती. माज्या मांयची. तिच्या मांयची."

मी वही मिटली.

"आनी तूं," ती इल्सेला म्हणाली. "माका विचारूंक जाय आशिल्लें. मास्तराक कित्याक विचारलें?"

"ते शिक्षक आहेत," इल्से म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"शंभू, उद्यां सही कर."

"आये!"

"कर म्हणटा न्हू? ती हांगाच रावतली. खंय वतली ती?" देवकी गुडघ्यावर हात रेटून उठली. "आनी उद्यां सकाळीं टोपली तुवें धरपाची. आनीक एक जागा आसा."

शंभू आईकडे बघतच राहिला. आम्ही बाकीच्यांनी माना फिरवल्या, सुमनने तर कानच झाकले.

"आजी, मी?" इल्सेने हळूच विचारलं.

"तूं ना," देवकी म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी फाटकाशी उभा होतो. धुक्यातून देवकी निघाली, मागे टोपली घेऊन शंभू. इल्से आपल्या पायरीवर पोदेराची वाट बघत होती. दोघं तिच्यासमोरून गेली. शंभूने "सांजेर कागद घेवन यो," एवढंच म्हटलं, न थांबता.

ती दोघं वळणापाशी पोचली तेव्हा इल्से उठली आणि त्यांच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ती कुठल्या वाटेने वळतात ते तिला दिसू नये म्हणून.

मीही खाली वाकून चपलेचा पट्टा लावत बसलो. तो लावलेलाच होता.