न पोळणारं पाणी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर वाफाळणारा टब, त्यामागे जलबाबा आणि टबात पाय सोडून बसलेला शिंपी. आपण बोटही घालणार नाही अशा पाण्यात हा गडी खुशाल हसत होता!

"पोळतंय का रे बाळा?" बाबांनी विचारलं. बाळाचं वय साठ.

"छे! काहीच नाही."

"पाहा! रोग पळाला, आग विझली!" बाबा गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पहिल्या रांगेत शिंप्याची बायको आनंदानं रडत होती. "चालता चालता चप्पल निसटते नि कळतही नाही, असं कुणाचं होतं?" असं बाबांनी आधी विचारलं, तेव्हा तिनंच नवऱ्याला ढोसून हात वर करायला लावला होता. मधुमेहानं बधिर झालेले ते पाय शिलाई मशीनवर परत नीट चालावेत, एवढंच बिचारीचं मागणं.

घरी मोजा काढला, तर कातडी मोज्याबरोबर आली. ती किंचाळली. शिंपी म्हणाला, "ओरडतेस कशाला? दुखतंय कुठं?" बाबांनी सांगितलंच होतं, गरमानंतर गार. मग तिनं तो सोललेला पाय बर्फाच्या बादलीत बुडवला. तेही त्याला कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सभेची सगळी हकिकत ऐकली, पाय पाहिला आणि कपाळावर हात मारला. "काकू, यांच्या पायातल्या नसा मेल्यात. चप्पल निसटलेली ज्याला कळत नाही, त्याला चटका काय कळणार? बाबानं गर्दीतून नेमके असेच निवडले."

"पण हे तर हसत होते हो!"

"तोच तर रोग! ज्याला पोळतं तो ओरडतो, पाय काढतो आणि वाचतो."

शिंप्याचा तो पाय घोट्यापासून कापावा लागला.

पुढच्या सभेला ती पुन्हा पहिल्या रांगेत होती. बाबांनी चपलेचा प्रश्न विचारला आणि भराभर हात वर झाले. ती तरातरा मंचावर चढली, बाबाचं मनगट धरलं आणि हात टबात दाबला.

"आई गं! मेलो!"

"का हो? तुमचा रोग नाही का पळाला?"

सभागृह खो-खो हसलं. याच लोकांनी मागच्या सभेत टाळ्या वाजवल्या होत्या.

तेव्हा मंडळी, ऐका. शेकायचं पाणी आधी कोपरानं तपासा. बर्फ फडक्यात गुंडाळल्याशिवाय अंगाला लावू नका. पाय बधिर असतील, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय शेक नाही आणि बर्फही नाही. आणि कढत पाण्यात बसून कुणी "पोळत नाही" म्हणालं, तर टाळ्या वाजवू नका. आधी त्याचे पाय बाहेर काढा.