सावरगावचा डबा

"चपला काढाले का हात मोडते या टीव्हीवाल्यायचे," शेजारची उर्मिलाबाई पदराआड पुटपुटली आणि कॅमेऱ्याची वायर ओलांडून देवकाबाईंपाशी येऊन बसली. "सुतकाचं घर आहे का बजार?"

देवकाबाई दाराकडे पाहत होत्या. घरात चूल बंद होती. आजचा डबा सुनेच्या माहेरून यायचा होता, आणि माहेर जाम नदीपलीकडे, सावरगावला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दोन गावांच्या दरसालच्या गोटमारीत, दोन्ही काठांवरून गोटे सुटत असताना त्यांच्या मुलाच्या, कुलदीपच्या कानशिलात लागून त्याचा जीव घेणारा गोटा त्याच बाजूनं आला होता.

अंगणात चॅनलवाली जयश्री माईक पुसत उभी होती. तिला कुलदीपच्या वडलांनी, भगवंतरावांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "पोरगा नुसता पाहाले गेलता." टीव्हीवर तेच वाक्य पडद्याखालच्या पट्टीत फिरत राहिलं. मग पाहणाऱ्याला मारलं कोणी, हा प्रश्न आपोआप आला आणि घरात घुसून बसला. चॅनलला घरातल्या गोष्टी सून उर्वशी पुरवते, असं उर्मिलाबाईला वाटे. उर्वशी फोनवर आईशी बोलायला लागली की भगवंतराव टीव्हीचा आवाज कमी करत.

अंकुश आला. उर्वशीचा धाकटा भाऊ. चपला त्यानं पार फाटकाबाहेर काढल्या. कॅमेरा त्याच्याकडे वळला.

"मावशी, डबा आणला. आईनं वरण-भात देल्ला."

कोणी हात पुढे केला नाही. उर्वशी उठू लागली, सासूकडे पाहून परत बसली.

"ठेव तिथं," भगवंतराव भिंतीला म्हणावं तसं म्हणाले.

जयश्री दारातून पुढे झाली. "तुम्ही त्या दिवशी नदीवर होतात?"

"होतो."

"गोटे मारत होतात?"

अंकुशचा हात भुवईकडे गेला. तिथं टाक्यांचा व्रण होता, मागच्या सालच्या गोटमारीचा. त्या संध्याकाळी याच अंगणात कुलदीपनं त्याच्या भुवईला चंडीमातेची भभूत लावली होती, आणि मेव्हणे-मेव्हणे इतके हसले होते की चहा सांडला होता. आता त्या व्रणाकडे घरातलं कोणी पाहत नव्हतं.

"घ्या," उर्मिलाबाई कुजबुजली. "बोलूनच नाही राहिला."

माईक देवकाबाईंसमोर आला. "आई, तुमचा कोणावर संशय आहे? घाबरू नका."

उर्वशीनं पदराचं टोक मुठीत आवळलं. नवरा गेलाच होता. आता सासूच्या तोंडून एक नाव निघालं की माहेरही जाणार होतं.

देवकाबाई पुढे सरकल्या. डबा ओढून घेतला, झाकण उघडलं, वरणात भात कालवला आणि एक घास खाल्ला. सावकाश चावला. जयश्रीनं माईक मागे घेतला.

"बाई, याच्या भुवईवर घ्या तो तुमचा कॅमेरा," देवकाबाई म्हणाल्या.

"चूप राय वो," भगवंतराव हलक्या आवाजात म्हणाले.

"कुलदीपनं फोडली ते, मागच्या साली." त्यांनी दुसरा घास हातातच धरून ठेवला. "माहा पोरगा पाहाले नोता गेला. तोही गोटे मारून राहिला होता."