गच्चीपुरते गणित

रमजानचा महिना एकोणतीस दिवसांचा होईल की तीस, यावर गुणवंत देवस्थळी यांची स्पेनमधल्या ग्रॅनाडाची सहल अवलंबून होती. ही गोष्ट त्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. ज्याचे गणित मांडता येते त्यावर अवलंबून राहण्यात धोका नसतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आखाती किनाऱ्यावरच्या रुवैसच्या रिफायनरीत ते गंज तपासण्याचे काम करत. पाइपाची भिंत वर्षाला किती झिजते हे मोजायचे आणि ती कधी दगा देईल हे आधी सांगायचे, असा त्यांचा व्यवसाय. 'अंदाज' हा शब्द त्यांना आवडत नसे. कुणी वापरलाच, तर ते त्याला त्रुटीची मर्यादा विचारत.

कंपनीचा नियम सरळ होता. ईदची सुट्टी तीन दिवसांची. महिना पूर्ण तीस दिवसांचा झाला तर तो तिसावा दिवसही सुट्टीचा. एकोणतिसावा रोजा शनिवारी होता. त्या संध्याकाळी चंद्र दिसला नाही, तर रविवार ते बुधवार सुट्टी. दिसला, तर मंगळवारीच संपली. आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी एक युनिट बंद करून त्याची तपासणी सुरू व्हायची होती. या शटडाउनसाठी सगळ्यांच्या रजा आधीच गोठवल्या होत्या, आणि पहिले पात्र, म्हणजे पहिली मोठी बंदिस्त टाकी, उघडताना गुणवंतांची सही लागणार होती.

त्यांच्या पत्नीला, शोभनाला, ग्रॅनाडामधले एकच ठिकाण पाहायचे होते: टेकडीवरचा अल्हाम्ब्रा नावाचा जुना राजवाडा, आणि त्यातही त्याच्या भिंतींवरची नक्षी. रुवैसला येण्यापूर्वी त्या पुण्याच्या एका कॉलेजात गणित शिकवत. इथे आल्यापासून टाउनशिपमधल्या मुलांच्या शिकवण्या घेत. सपाट पृष्ठभागावर पुन्हापुन्हा उमटणाऱ्या नक्षीचे सममितीनुसार सतराच प्रकार संभवतात, हे सिद्ध झालेले आहे. ते सतराही त्या राजवाड्यात आहेत, असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते; त्याबद्दल मात्र तज्ज्ञांत एकमत नाही. शोभनाला ते स्वतः मोजायचे होते. ही इच्छा गुणवंतांना पूर्णपणे समजण्यासारखी होती, तरीही सहल तीनदा रद्द झाली होती: एकदा शटडाउनमुळे, एकदा नाशिकच्या भाच्याच्या मुंजीमुळे, एकदा व्हिसाची तारीख न मिळाल्यामुळे.

"या वेळी नाही जमलं, तर मी पुन्हा विषय काढणार नाही," शोभना जानेवारीत म्हणाल्या होत्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच ते वाक्य घरात राहून गेले होते.

तिकिटे काढण्याच्या संध्याकाळी त्या गुणवंतांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. राजवाड्याचे प्रवेश नावानिशी आणि ठरलेल्या वेळेचे असतात. त्या आठवड्यातले शिल्लक प्रवेश फक्त मंगळवारी दुपारचे होते. म्हणजे बुधवारी परत निघणे भाग होते.

"अहो, महिना एकोणतीसचा निघाला तर?"

"निघणार नाही. त्या दिवशी सूर्य मावळल्यावर चंद्र जेमतेम क्षितिजावर टेकलेला असणार. दुर्बिणीतूनसुद्धा दिसायचा नाही. शिवाय इथली धुळीची हवा."

"इथलीच हवा बघितलीत, की बाकीकडचीही?"

"आपण इथे राहतो, शोभना."

त्यांनी परतावा न मिळणारी तिकिटे काढली. ती स्वस्त होती, आणि परतावा लागण्याचे कारणच उरले नव्हते.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर अर्सलान बसत असे. तो कराचीचा, वेल्डिंगच्या सांध्यांचा तज्ज्ञ, आणि रोजे ठेवूनही सर्वांत जास्त बोलणारा माणूस होता.

"देवस्थळी साहब, ग्रॅनाडा पक्का?"

"पक्का. महिना तीस दिन का होगा."

"इन्शाल्ला तो बोल दो."

"मैं प्रोबॅबिलिटी बोलता हूँ, अर्सलानभाई."

"वो भी बोलो, ये भी बोलो. दोनों का अलग किराया थोड़े लगता है!"

गुणवंत हसले, पण 'देवाची इच्छा असेल तर' अशी अट त्यांनी घातली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

पुढचे आठवडे घरात कुणी नीट बसलेच नाही. शोभना बॅग भरायच्या, उपसायच्या, पुन्हा भरायच्या. गुळाच्या दशम्या किती दिवस टिकतात यावर त्यांनी ओट्यापाशीच प्रयोग चालवला होता. कणीक मळताना फोनवरून स्पॅनिश शिकणे सुरू होते. "दोंदे एस्ता ला एस्तासिओन," त्या परातीला विचारत. स्टेशन कुठे आहे?

"मी असेन ना बरोबर," गुणवंत म्हणत. "मला स्टेशन माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे. मला विचारता आलं पाहिजे."

गुणवंतही स्वस्थ नव्हते. चंद्राची उंची त्यांनी दुसऱ्या पद्धतीने काढून पाहिली. उत्तर तेच आले. मग तिसऱ्या पद्धतीने. जे गणित बरोबर आहे ते माणूस तीन वेळा का करतो, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. बाहेर वाळूचा वारा दिवसभर खिडकीच्या फटींतून शीळ घालत होता आणि रिफायनरीची ज्योत एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे लवत होती.

शनिवारी सूर्यास्ताच्या, मगरिबच्या नमाजाच्या सुमारास दोघे इमारतीच्या गच्चीवर गेली. दोन-तीन कुटुंबे आधीच आली होती. पोरे कठड्यावर लोंबकळून "तो बघ, तो बघ" करत विमानांकडे बोट दाखवत होती. पश्चिमेला तांबूस राखाडी पट्टा होता, त्याखाली समुद्र. गुणवंतांनी दुर्बीण आणली होती. सूर्य गेला. त्यांनी दुर्बीण ठरलेल्या दिशेला, ठरलेल्या उंचीवर धरली आणि तिथे काहीही नव्हते. एखाद्या गोष्टीच्या नसण्याने माणसाला इतके समाधान क्वचितच लाभत असेल.

"बघ," त्यांनी दुर्बीण शोभनाकडे दिली.

"काय बघू? काही नाहीच आहे."

"तेच बघ."

खाली येऊन गुणवंत चहा ठेवत होते, तेव्हा त्यांचा फोन वाजला.

"ईद मुबारक, देवस्थळी साहब!" अर्सलानच्या मागे मुलांचा गलका होता. "ऐलान हो गया. कल ईद!"

"लेकिन चांद... मैंने खुद देखा. मतलब, नहीं देखा."

"साहब, आपने नहीं देखा तो क्या हुआ? किसी और ने देख लिया. चांद किसी एक की छत का थोड़े होता है!" मग त्याच्या लक्षात आले असावे. त्याचा आवाज उतरला. "अरे. आपका बुधवार."

गुणवंतांचे गणित चुकले नव्हते. रुवैसच्या गच्चीवरून त्या संध्याकाळी चंद्र दिसणे शक्य नव्हते आणि तो दिसलाही नाही. पण पश्चिमेकडे सूर्य उशिरा मावळतो, तोपर्यंत चंद्र थोडा वर सरकतो, हवा कोरडी असते. तिकडच्या कुणाची साक्ष इथेही मानली जाऊ शकते, हे टाउनशिपमधल्या कठड्यावर लोंबकळणाऱ्या पोरांनाही माहीत होते. गुणवंतांच्या समीकरणात त्याला जागा नव्हती. त्यांनी एका गच्चीचे उत्तर काढले होते, दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत अचूक.

पाठोपाठ साहेबांचा निरोप आला: बुधवार, सकाळी सात, पहिले पात्र.

शोभना इस्त्री करत होत्या. त्यांनी निरोप वाचला, फोन परत दिला आणि कुर्त्याची दुसरी बाही पसरली.

"दोन पर्याय आहेत," गुणवंत येरझाऱ्या घालत म्हणाले. "एक, जायचंच नाही. दोन, जायचं आणि परतीची नवी तिकिटं काढून मंगळवारी पहाटे निघायचं. शहर दिसेल, समोरच्या टेकडीवरून राजवाडाही दिसेल. बाहेरून."

"बाहेरून तर फोटोतही दिसतो."

"सोमवारचे प्रवेश संपले आहेत. मी आत्ताच बघितलं."

"मीही बघितलं." इस्त्री फिरत राहिली. "तिसरा पर्याय तुम्ही मोजलाच नाहीत."

"कोणता?"

"तुम्ही मंगळवारी या. मी बुधवारी येते."

गुणवंत थांबले. या घरात शोभना एकट्या फार तर अबू धाबीला बसने जात, तेही त्यांनी थांबा समजावून दिल्यावर. त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली: भाषा, पाकीटमार, गाडी बदलणे, विमानतळाची इमारत चुकणे. प्रत्येक कारण स्वतंत्रपणे खरे होते. मँचेस्टरला शिकणाऱ्या लेकीचा, ईश्वरीचा, व्हिडिओ कॉल नेमका तेव्हाच आला, आणि त्यांनी तिला साक्षीदार करायचे ठरवले.

"ईशू, तूच सांग आईला."

ईश्वरीने सगळे ऐकून घेतले. "बाबा, शी टॉट मी ट्रिगोनोमेट्री. शी कॅन टेक अ ट्रेन."

"ट्रेनचा प्रश्न नाहीये, बेटा."

"देन व्हॉट इज?"

  एकवीस वर्षे दोघांचे पासपोर्ट त्यांच्या ऑफिसच्या बॅगेत, एकाच रबरबँडमध्ये राहत आले होते. शोभनाने इस्त्रीची पिन काढली आणि हात पुढे केला.

"माझा पासपोर्ट द्या. आणि ती तिकिटं माझ्या फोनवर पाठवा. राजवाड्याची दोन्ही. तुमचंही असू दे, काय सांगावं, साहेबांना दया आली तर."

"त्यांना दया येणार नाही."

"नाही आली तर नाही. पाठवा."

रबरबँड जुना होता, सोडवताना तुटला.

ग्रॅनाडामध्ये दोघे रविवारी रात्री पोहोचली. सोमवार पायी गेला. गुणवंत सारखे घड्याळ पाहत होते आणि शोभना सारख्या थांबत होत्या: दाराच्या चौकटीपाशी, फरशीपाशी, एका उपाहारगृहाच्या टाइल लावलेल्या भिंतीपाशी, जिथे बसलेल्या गिऱ्हाइकांना सरकायला सांगून त्यांनी नक्षी पाहिली. "सहा दिशांना फिरवली तरी तीच दिसते, पण आरशात धरली की बदलते," त्या पुटपुटल्या. गिऱ्हाइके हसली. गुणवंतांनी त्यांची क्षमा मागितली, पण इंग्रजीत, त्यामुळे ती कुणाला कळली नाही.

संध्याकाळी दोघे समोरच्या टेकडीवर गेली. राजवाडा तांबडा, चौकोनी आणि बराच साधा दिसत होता; असली गोष्ट आत होती. गुणवंत पुढच्या दिवशीच्या सूचना देत होते. हॉटेलपासूनचा रस्ता, बुधवारची गाडी, पाण्याची बाटली.

"मागे बघा," शोभना म्हणाल्या.

पश्चिमेला चंद्र होता. चांगला ठसठशीत, कुणालाही दिसावा असा, दोन सायप्रस झाडांच्या मधोमध. त्याचे वय किती तास, उंची किती अंश, हे गुणवंतांना माहीत होते. शोभना वाट पाहत आहेत असे त्यांना वाटले. ते नुसते चंद्राकडे पाहत राहिले.

मंगळवारी पहाटे स्टेशनवर सोडायला शोभना आल्या. उलट व्हायला हवे होते. गाडी सुटेपर्यंत त्या फलाटावर उभ्या होत्या, आणि गाडीने वळण घेण्याआधीच पाठ फिरवून चालू लागल्या, कुणालाही काही न विचारता.

माद्रिदच्या विमानतळावर गुणवंत पहिल्यांदाच विनाकाम बसले. हे लवकर पोहोचण्याचे फळ. दुपारची वेळ जवळ आली, उलटली. त्यांनी फोन उघडला, मिटला, बॅटरी तपासली, नेटवर्क तपासले. शोभना आत्ता कुठल्या दालनात असतील, हे काढण्यासाठी लागणारी कोणतीही माहिती त्यांच्याकडे नव्हती. शेजारच्या बाईंनी दोनदा पाहिले तेव्हा त्यांच्या लक्षात आले की आपला पाय सारखा हलतो आहे. विमानाच्या गेटपाशी रांग लागली. ते उठले, रांगेत उभे राहिले, रांग सोडून पुन्हा बसले. फोन पुन्हा उघडला.

मग आवाजी निरोप आला. मागे पाण्याचा आवाज होता, आणि शोभनाला धाप लागली होती.

"अहो, सतरा नाहीत. निदान मला नाही सापडले. तेरांची खात्री आहे. चौदाव्यावर माझाच विश्वास बसत नाहीये, आणि हे लोक परत आत सोडत नाहीत. बरं, ते राहू दे. दारावरच्या माणसानं दोन तिकिटं बघितली आणि विचारलं, सेन्योर? म्हणजे तुम्ही कुठे. इतकं शिकले, पण चंद्राला काय म्हणतात तेवढंच आठवेना. म्हणून मी नुसतं वर आभाळाकडे बोट केलं." इथे त्या थांबल्या, हसू दाबत असाव्यात. "तर त्यानं टोपी काढली हो! छातीवर हात ठेवला आणि मला रांगेत सगळ्यात पुढे नेऊन उभं केलं. आता मी त्याला काय समजावणार? आधी नक्षी बघून घेतली."

आपल्या निधनाची ही वार्ता गुणवंतांनी तीन वेळा ऐकली. शेवटी येणारे ते हसणे त्यांच्या ओळखीचे नव्हते. कदाचित पुण्यातले असेल, कॉलेजच्या दिवसांतले. शेवटचा पुकारा झाला. चालता चालता त्यांनी लिहिले: "चौदावा कोणता? का शंका?"

ते खुर्चीत बसले, पट्टा बांधला. हवाई सुंदरीने फोनकडे बोट केले. उत्तर आले तेव्हा विमान हलू लागले होते.

"घरी आल्यावर काढून दाखवते. इन्शाल्ला."