दांडी बसली का?

मी एक जुनी नागीण आहे. मित्रांनो, दचकू नका, मी लोखंडाची आहे. लोहा-कंधार रस्त्यावर बापूसाहेबांची खेळबाग आहे ना, तिथे उंचसखल रुळांवरून पोरांना किंचाळायला लावत धावणारी सहा डब्यांची गाडी ती मीच. माझा हिरवा रंग तीनदा बदलला, स्वभाव मात्र बदलला नाही. तो पहिल्यापासून संशयी आहे.

असायलाच हवा! कारखान्यातून निघाले तेव्हा पहिल्या मालकाने माझ्या फण्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "हिला जिवापाड जपीन." चार जत्रा झाल्या आणि त्याने मला ताडपत्रीखाली टाकलं. जाता जाता माझी पितळी घंटाही काढून नेली. तेव्हापासून कुणी माझ्यावर फार प्रेम दाखवू लागलं, की मी आधी त्याच्या हातांकडे बघते.

बापूसाहेबांनी मला इथे आणून उभं केलं, त्याला नऊ वर्षं झाली. माझं बटन सांभाळते सिंधू. ती लोहा गावचीच. तीन वर्षं बागेत झाडू मारता मारता तिने मिस्त्रीच्या मागे लागून माझं सगळं काम शिकून घेतलं, तेव्हा कुठे बटन तिच्या हाती आलं. रोज सकाळी ती माझ्या दांड्यांच्या पिना एकेक करून चाचपते. दांडी म्हणजे बसणाऱ्याच्या मांडीवर येणारा आडवा पाईप. पिन असली तरच तो जागेवर अडकतो. गाडी सुटण्याआधी सिंधू प्रत्येक डब्याजवळ थांबून विचारते, "दांडी बसली का?" मग बसणाऱ्याने दांडी वर ओढून बघायची आणि "हाव" म्हणायचं. आमच्याकडे हाव म्हणजे हो. सगळ्या डब्यांतून हाव आल्याशिवाय ती बटनाला बोट लावत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी पुण्याहून पाळणाप्रेमी मंडळ आलं. जत्रेतल्या पाळण्यांचं आणि माझ्यासारख्या गाड्यांचं वेड असलेली वीस-पंचवीस माणसं, सगळ्यांच्या शर्टावर आकाशपाळण्याचं चित्र. बारा वाजेपर्यंत बाग खास त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. त्यांचा म्होरक्या यज्ञेश. देशभरातले पाळणे पालथे घातलेला माणूस! त्याने आल्या आल्या माझ्या फण्याला मिठी मारली. "काय चीज आहे! अशा आता बनत नाहीत." मी त्याच्या हातांकडे बघू लागले.

पहिला डबा त्याने जणू नावावरच करून घेतला. फेरी संपली तरी उतरायचं नाव नाही. वेग वाढवा, उभं राहू द्या, रुळावर उतरून फोटो काढू द्या, एक ना दोन. सिंधू शांतपणे "न्हाई जमत" म्हणायची आणि पुन्हा विचारायची, "दांडी बसली का? हाव म्हणा, हाव."

चौथ्या फेरीला यज्ञेश भडकला आणि थेट बापूसाहेबांकडे गेला. "तुमच्या बाई सारखं हाव, हाव करतायत. इतक्या लांबून आम्ही प्रेमाने आलो, आणि आम्हालाच हावरट म्हणता?"

बापूसाहेब पोट धरून हसले. "अहो, हाव म्हंजी हो!"

यज्ञेश हसला नाही. मोबाईल हलवत म्हणाला, "माझा व्हिडिओ लाखभर लोक बघतात. त्यात बागेबद्दल काय बोलू, ते तुम्हीच सांगा."

बापूसाहेबांचं हसू मावळलं. "सिंधू, पाव्हणे हायत. आज काई इचारू नको. बटनाच्या खोलीतच थांब अन् नुसतं बटन दाब. जमत नसंल तर उद्यापासून झाडू घे."

सिंधूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने बटन दाबलं. खरं सांगते, मला तिचाही संशय आला. वाटलं, झाडू पुन्हा हातात येऊ नये म्हणून ही आता कायमची गप्प बसणार.

शेवटच्या फेरीनंतर उतरताना यज्ञेश वाकला. पहिल्या डब्याच्या दांडीपाशी त्याची बोटं घुटमळली आणि पिन निघाली. मी जिवाच्या आकांताने ओरडले. पण माझं ओरडणं म्हणजे चाकांची करकर, ती कुणाला कळणार?

बारा वाजले. फाटक उघडताच अर्धापूरच्या एका शाळेची सहल आत धावली. साक्षी नावाची पाचवीतली मुलगी पहिल्या डब्यात जाऊन बसली. दांडी तिच्या मांडीवर आली, दिसायला अगदी ठीकठाक. पहिल्याच उतारावर ती उघडली असती. पाळणाप्रेमी कठड्याला टेकून चित्रण करत होते आणि बापूसाहेब सिंधूकडे बघून, दाब, दाब, अशी खूण करत होते.

सिंधूचं बोट बटनावर गेलं, थांबलं आणि मागे आलं. ती खोलीतून उतरून पहिल्या डब्यापाशी आली.

"बाळा, दांडी बसली का?"

साक्षीने दांडी ओढली. ती अलगद वर आली.

"न्हाई," साक्षी म्हणाली.

सिंधूने वाकून पाहिलं, पिनेची जागा रिकामी होती. "सायेब, सकाळी पिन व्हती. मी सोता हात लावून बघितली." मग ती यज्ञेशकडे वळली. "पहिल्या डब्यात तुमीच बसून व्हते. तुमच्याकडं हाय का?"

यज्ञेश इकडेतिकडे बघू लागला. "आम्ही सगळीकडून आठवण म्हणून काहीतरी नेतो. एवढीशी तर गोष्ट आहे."

"म्हंजी, हाव?"

त्याने खिशातली मूठ बाहेर काढून उघडली. "हाव," तो पुटपुटला.

हा शब्द मी हजारो वेळा ऐकलाय. त्या दिवशी मात्र त्याचे दोन्ही अर्थ एकदम ऐकू आले.

बापूसाहेबांनी पिन हातात घेतली, साक्षीकडे पाहिलं आणि ती पिन सिंधूच्या हातावर ठेवली. मग म्हणाले, "सिंधू, मी चुकलो. इचारत जा. मी सोता गाडीत बसलो तरी इचार."

मित्रांनो, माझ्यावर प्रेम करायला जरूर या. फक्त उतरताना तुमची मूठ रिकामी असू द्या. आणि सिंधूने विचारलं तर खरं तेच सांगा. घाबरू नका, न्हाई म्हटल्याने फेरी चुकत नाही. पिन बसल्यावर सहलीतली पहिली फेरी साक्षीनेच मारली, पहिल्या डब्यात बसून. आणि सुटायच्या आधी तिने दिलेला हाव फाटकापर्यंत ऐकू गेला.