अलीमियाँचं वळण

जरा डोळे मीट आणि माझ्याबरोबर चल. फार जुन्या काळात जायचं आहे. तुझं घर अशा जागी आहे की उत्तरेला पाहिलं तर वाळू, नुसती वाळू. त्या वाळूत फार आत मिठाच्या खाणी आहेत. दक्षिणेला गवताळ रानं आहेत, नद्या आहेत आणि त्याहून खाली सोनं सापडणारी जमीन आहे. सोनेवाल्यांकडे मीठ नाही, मीठवाल्यांकडे सोनं नाही. वाळू जिथे संपते आणि गवत सुरू होतं तिथे तुझं घर आहे, आणि पाणीही तिथेच आहे. उंटांचे तांडे तिथे थांबतात. माल उतरतो, गाढवांवर चढतो, पुढे जातो. तुझ्याकडे खाण कसलीच नाही, तरी राज्य तुझं. कारण सगळ्यांना तुझ्या दारावरून जावं लागतं.

अशी राज्यं आफ्रिकेत खरोखर होती. आता डोळे उघड. आपण ओमानमध्ये आलो आहोत, अलीमियाँच्या हॉटेलात, एका गुरुवारी सकाळी. तिथे एक पाचवीतली मुलगी, उमामा, आपल्या आईला हाच धडा सांगते आहे.

“अम्मी, तो किंग काहीच डिग करायचा नाही. नुसता बसायचा. आणि टॅक्स घ्यायचा.”

“तुझ्या अब्बांसारखा?” वजीरा पराठ्यांचे गोळे करत म्हणाली. “टॅक्स तेवढा घ्यायचा राहिला त्यांचा.”

“बसतो कोण इथे?” अलीमियाँ तव्यामागून ओरडले. “सकाळपासून पाय टेकलेत का माझे जमिनीला?”

हे मात्र खरं होतं. अलीमियाँ रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून स्वयंपाकी म्हणून आले आणि पुढे अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या नावावर त्यांनी हे हॉटेल चालवायला घेतलं. जागा अशी, की कोरड्या नदीच्या, म्हणजे वादीच्या काठाने आलेला रस्ता इथे वळायचा आणि लगेच डोंगराचा चढ सुरू व्हायचा. चढाआधी गाडीच्या रेडिएटरला पाणी लागायचं, आणि चालकाला चहा. कोणी खाली उतरायचं नाही. गाडीतूनच हॉर्न वाजायचा आणि अलीमियाँ पेले घेऊन धावायचे. गुरुवारी तर सुट्टीसाठी शहरातली कुटुंबं गावाकडे निघायची. हॉर्नवर हॉर्न.

त्या गुरुवारी एकही वाजला नव्हता.

“आज लोकांना झालाय काय?” वजीरा दारात आली. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता. एक शेळी मधोमध बसली होती.

“पुढे अॅक्सिडेंट झाला असेल,” अलीमियाँ म्हणाले. पराठ्यांची चळत उंच होत गेली. मग त्यांनी गॅस बंद केला. “चल गो उमामा, बघून येऊ.”

नवा रस्ता होतोय हे त्यांना ठाऊक होतं. कसं नसेल? तो बांधणारे मजूर वर्षभर त्यांच्याकडेच जेवले होते. आखणीवाल्यांनी वळणाजवळच पिवळ्या खुंट्या ठोकल्या होत्या, तेव्हा अलीमियाँनी मोजणाऱ्यांना फुकट चहा पाजला होता. फाटा इथेच येणार, दोन्ही रस्त्यांची गाडी आपल्याच दारात थांबणार, या भरवशावर त्यांनी नवी शेड घातली होती. शेडखाली सहा टेबलं मांडली होती.

टेकडी ओलांडली आणि पिकअप आपोआपच हळू झाली. खाली काळाभोर, रुंद नवा रस्ता खुला झाला होता. त्यावरून ट्रक, ट्रेलर, पाण्याचे टँकर, कुटुंबांच्या गाड्या, सगळं अलीमियाँचं गिऱ्हाईक एका ओळीत पळत होतं. मधे लोखंडी कठडा. या बाजूने त्या रस्त्यावर चढायला वाट नव्हती आणि तिकडून इकडे उतरायलाही नव्हती. एका ओळखीच्या ट्रेलरवाल्याने त्यांना पाहिलं, खिडकीतून हात हलवला आणि तो निघून गेला. त्याला थांबायचं असतं तरी थांबता आलं नसतं.

अलीमियाँ कठड्याला हात लावून उभे राहिले. ऊन तापलं होतं, कठडा चटका देत होता, तरी त्यांनी हात काढला नाही.

“अब्बा, आता हे लोक आपल्याकडे कशे येतील?”

ते पिकअपकडे वळले.

परत आले तेव्हा शेडखाली एकच माणूस बसला होता. म्हातारे खल्फान. नदीपलीकडे त्यांच्या शेळ्या होत्या, त्यामुळे त्यांना जुनाच रस्ता सोयीचा. नेहमीसारखा त्यांनी आपला थर्मास टेबलावर ठेवला होता, खजुराचा डबा उघडला होता आणि कहवा दोन फिंजानींमध्ये, म्हणजे बिनकानाच्या चिमुकल्या कपांमध्ये ओतला होता. ‘माझ्या हॉटेलात घरची कॉफी घेऊन येतो हा चाचा, तीही दोन-दोन कप ओततो,’ असं म्हणून अलीमियाँ कित्येक वर्षं हसत आले होते.

आज ते हसले नाहीत. “सबको मालूम था,” त्यांचा आवाज चढला. “फाटा दूसरी जगह गया, सबको मालूम था! मेरे को कोई नहीं बोला. चाचा, तुम भी नहीं बोला!”

“मैं बोलने को आया,” खल्फान म्हणाले. “बहुत बार आया. वो रोडवाला लोग मेरे को पूछा, बारिश में वादी का पानी किधर से आता है? मैं दिखाया. इधर फाटा बनेगा तो पानी ले जाएगा. तो वो ऊपर ले गया.”

“आया तो बोला क्यों नहीं? मैं हर रोज पूछता था ना, चाचा, क्या अखबार? तुम क्या बोलता था? खैर! सब खैर!” अखबार म्हणजे इथल्या बोलीत खबरबात, आणि खैर म्हणजे सगळं ठीक.

खल्फानना राग आला नाही. ते नुसते गोंधळले. “खैर तो बोलना पड़ता है,” लहान मुलाला समजवावं तसं ते म्हणाले. “पहले खैर. कुछ भी हो, खैर. फिर बैठना, खजूर, कहवा. उसके बाद अखबार. तुम बैठता नहीं.” त्यांनी समोरच्या भरल्या फिंजानीकडे बोट केलं. “ये तुम्हारा है. हमेशा तुम्हारा था.”

अलीमियाँच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ती दुसरी फिंजान रोज भरलेली उरायची. ते स्वतःच उचलून मोरीत ओतायचे.

त्यांनी विचारलं, “और क्या बोलने का था, चाचा?”

खल्फाननी खजुराची बी बाजूला ठेवली. “पिछला रमजान के बाद. मेरा घरवाली.” त्यांनी हात आडवा केला. “खलास. तीसरा दिन मैं इधर आया.”

वजीराने ओढणी तोंडाशी धरली. अलीमियाँना तो दिवस आठवला. बाहेर ट्रेलरची रांग होती. त्यांनी तव्यावरूनच विचारलं होतं, ‘चाचा, क्या अखबार?’ खल्फान म्हणाले होते, ‘खैर, अल्हम्दुलिल्लाह.’ आणि अलीमियाँ म्हणाले होते, ‘यल्ला चाचा, चलो, गाडी जरा बाजू में लो, बड़ा गाडी आ रहा है.’

एवढी वर्षं ते वाटेवर राहिले होते. सगळं जग दारावरून जात होतं, आणि ते जगाला चहा देत होते. आता त्यांना बसता येईना. ते तसेच उभे राहिले, सहा रिकाम्या टेबलांमध्ये.

तेव्हा उमामा पुढे आली. तिने खुर्ची ओढली आणि खल्फानसमोर बसली. उजव्या हाताने दुसरी फिंजान उचलून तिने घोट घेतला. कहवा कडू होता. तिचं तोंड वाकडं झालं, पण तिने फिंजान खाली ठेवली नाही. संपवली.

“चाचा,” ती म्हणाली, “क्या अखबार?”

“खैर,” खल्फान म्हणाले. “अल्हम्दुलिल्लाह.”

उमामाने रिकामी फिंजान पुढे केली. त्यांनी ती पुन्हा भरली. तिने एक खजूर घेतला, पाय खुर्चीवर वर ओढून घेतले, आणि ती बसून राहिली.