बिऱ्हाड पुढं

साधनाने आईसाठी बॅटरीची गाडी भाड्याने घ्यायची ठरवली, तेव्हा आई तिच्यावर बसेल अशी तिला खात्री नव्हती. बोरीच्या अलीकडे झालेल्या या नव्या पार्कात चालणं फार होतं, आणि आईचे, सुगंधाबाईंचे, गुडघे फाटकापाशीच कुरकुरायला लागले होते. पण आईने गाडीभोवती एक फेरी मारली, चाकं पाहिली, सीट दाबून पाहिली आणि काउंटरवरच्या धम्मशीलाला विचारलं, "गरीब हाय का? लाथा तर झाडीत न्हाई?"

"लय गरीब हाय, आजी," धम्मशीला हसली. "ही दांडी दाबली की चालती, सोडली की उभी ऱ्हाती. मंग तुमी अन् ती."

"अन् खाती काय?"

"लाईट."

"बरंय. चारा हुडकायला नको," म्हणत आई बसली आणि तिने हात पुढे केला. "आणा."

"काय आणू?" साधनाला कळेना.

"पिशव्या. रिकामं जनावर भलतीकडं तोंड करतं."

साधनाची पर्स, तिच्या लेकीची, सृष्टीची, कपड्यांची सॅक, पाण्याचा जग, भाकरीचं गाठोडं, सगळं तिने गाडीवर लादून घेतलं आणि आपल्या पिशवीतली सुतळी काढून करकचून आवळलं. लोक वळून बघत होते. सृष्टी म्हणाली, "आजी, अगं, मी धरते ना सॅक." आजीने ऐकलंच नाही.

असं काही झालं की साधना हल्ली आईला निरखून बघत असे. आबांना, साधनाच्या वडिलांना, जाऊन चार महिने झाले होते. आई रडली नव्हती. दहाव्याला पालमच्या वस्तीवर बायका गळ्यात पडत होत्या, तेव्हा ती उठून मेंढरांकडे गेली. आणि त्यानंतर केव्हातरी, तिन्हीसांजेच्या सुमाराला, ती विचारू लागली, "त्यांनी जागा धरली आसल का?" पहिल्यांदा साधनाला वाटलं, बोलण्याच्या ओघात आलं. मग भावाने, रामकिशनने, फोन केला. "अक्का, आई रोजच म्हणायली. आबा मेंढरं घेऊन गेलेत असंच वाटायलंय तिला. डोकं फिरलंय." रामकिशन दिवाळी झाली की बायकोला घेऊन ऊसतोडीला जाणार होता. आईला असं एकटं ठेवता येणार नव्हतं. मेंढरं विकायची आणि तिला परभणीला साधनाकडे न्यायचं, असं त्याचं म्हणणं होतं. गिऱ्हाईक तयार होतं. "तू दोन दिवस तिच्यासंगं ऱ्हा, बघ, अन् सांग. तू म्हणशील तसं."

म्हणून ही सुट्टी, म्हणून हा पार्क. सृष्टीला झोके आणि घसरगुंड्या, आईला हवापालट. साधनाला मात्र फक्त एवढंच बघायचं होतं की आपला नवरा गेला हे आईला कळलंय की नाही. सरळ विचारायचं धाडस तिचं चार महिन्यांत झालं नव्हतं.

पाण्याच्या घसरगुंडीपाशी आई म्हणाली, "हितून मंग कुटं?"

"मग तळ्याकाठी जेवायचं," सृष्टी म्हणाली. "त्या प्लास्टरच्या डोंगराच्या पलीकडे."

आईने डोंगर नीट न्याहाळला, मान डोलावली. मायलेकी रांगेत शिरल्या. बाहेर आल्या तर आई नव्हती. गाडी नव्हती. पर्सही नव्हती, आणि फोन पर्समध्ये होता.

साधना स्वच्छतागृहात बघून आली. उसाच्या रसाच्या दुकानात विचारलं. "गाठोडीवाली आजी? आत्ताच गेली की. लय ऐटीत." कोणीकडे, तर त्याने हात असा हलवला की त्यात सगळ्या दिशा आल्या. काउंटरवर धम्मशीला म्हणाली, "माझ्याकडं न्हाई आल्या, ताई. पण घाबरू नका, ती गाडी काय पळून जात न्हाई."

गाडी जाणार नाही, पण आई कुठे जाईल? कुणाला शोधत निघाली असेल? साधनाला आईच्या आधी रामकिशनचा आवाज आठवला आणि त्याचा तिला राग आला. आता हे सांगावं लागेल, गिऱ्हाइकाला हो म्हणावं लागेल, असं मनात घोकत ती ओल्या चपलांनी डोंगराला वळसा घालून धावत सुटली. सृष्टी मागे.

आई तळ्याकाठी होती. पत्र्याच्या शेडच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशा जागी तिने चादर अंथरली होती. पिशव्या उतरवून रांगेत ठेवल्या होत्या, गाडीचं तोंड आल्या वाटेकडे करून उभी केली होती, आणि पार्कच्या रखवालदाराशी तिचं भांडण चाललं होतं.

"आजी, हितं बसायचं न्हाई म्हणलं ना."

"कामून? तुझ्या बापानं खणलं का तळं? लेकरं मागून यायलेत. मी उठले तर त्यांना जागा कशी सापडल?"

साधना थबकली. आईचं ते चादरीच्या मधोमध मांडी घालून बसणं तिने पाहिलेलं होतं, फार पूर्वी. घोडीवर बिऱ्हाड लादलेलं, त्या बिऱ्हाडात कोंबड्यांशेजारी बसवलेली आपण, लगाम धरून पुढे चाललेली आई. बिऱ्हाड आधी जायचं. जागा बघायची, वारा बघायचा, पाणी बघायचं, चूल पेटवायची. आबा मेंढरं चारत मागून यायचे, कधी अंधार पडल्यावर. शाळेसाठी वसतिगृहात गेल्यापासून ती हे विसरली होती.

आईच्या अंगाखाली ओझ्याची गाडी आली होती. म्हणून आई सवयीने पुढे आली होती. एवढंच.

रखवालदार पुटपुटत गेला. साधना चादरीवर बसली आणि ज्याला चार महिने लागले होते ते तिच्या तोंडून निघून गेलं. "आई, आबा कुठंयत?"

सृष्टीने दचकून साधनाकडे पाहिलं. आजीने भाकरीचा तुकडा मोडला.

"कुटं म्हंजे? गेले की. तूच तर आलतीस मातीला."

"मग तू रोज जागेचं विचारतीस ते?"

"विचारू नको? जल्मात कदी पुढं गेला का माणूस? वारं कुटून येतं ते कळायचं न्हाई त्याला. वगळीत, पाण्याच्या वाटंतच, तळ टाकणारा माणूस त्यो." ती थांबली. "मी पुढं, ते मागं. असंच ठरल्यालं आमचं. आता मला मागून जायचंय. मागून कसं जातेत ग, साधे?"

साधनाने पाण्याचा जग आईपुढे सरकवला.

फोन पर्समध्ये वाजत होता. रामकिशन. "अक्का, काय सांगू मग त्याला?"

"मेंढरं राहू दे."

"म्हंजे ठीक हाय ना आई?"

"ते मला कळत नाही. पण आबा गेलेत हे तिला माहीत आहे. तू नसशील तेव्हा मी येऊन राहीन अधूनमधून."

"तू? मेंढरांत?" तो हसला, मग हसणं थांबवून म्हणाला, "बरं."

जेवण झालं. सृष्टीला किल्ला बघायचा होता. आईने पिशव्या पुन्हा बांधल्या, गाडीवर बसली, पण दांडी दाबली नाही.

"तुमी व्हा पुढं," ती म्हणाली.

साधना पुढे निघाली. किती हळू चालायचं, तिला कळेना. त्या गाडीला आवाज नव्हता. आई मागे येते आहे की नाही हे वळल्याशिवाय समजण्याची सोय नव्हती, आणि ती सारखी वळून बघत राहिली.