माइक चालू राहिला त्याची गोष्ट

इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादमबाईंच्या हाताखाली अकरा बायका होत्या, आणि त्यांचा शब्द खाली पडू द्यायची एकीचीही छाती नव्हती. पण त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पदवीला नाव घातलं आणि त्यांच्या धाकाला घरापासूनच उतरती कळा लागली.

पहिलं वर्ष ऑनलाइन. स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोन, एका हातात झारा, दुसऱ्या हातात पेन. एकदा सरांनी प्रश्न विचारला. बाईंनी माइक उघडून बरोबर उत्तर दिलं. सर म्हणाले, "वा!" त्या आनंदात माइक बंद करायचा राहिला, आणि नवऱ्याचा आवाज चाळीस घरांत पोचला.

"अगं ए पदवीधरबाई! डोक्यात भुसा अन् शेगडीवर दूध!"

दुसऱ्या वर्षी वर्ग प्रत्यक्ष भरणार असं कळलं, तेव्हा बाईंना हायसं वाटलं. निदान तिथे नवरा नसेल. पाळी बदलून घेतली, हाताचा ब्लीचचा वास जाईना म्हणून लिंबू चोळलं आणि पहिल्या दिवशी वेळेआधी पोचल्या.

हजेरी घेताना त्यांनी "हजर" म्हटलं, तसा मागून कुणीतरी हुबेहूब नवऱ्याचा आवाज काढला, "अगं ए पदवीधरबाई!" सगळा वर्ग खो खो हसला. सरही खाली मान घालून हसले. पुढे ते रोजचंच झालं.

महिनाभर सोसून बाई सरांकडे गेल्या.

"मुलं आहेत हो ती," सर म्हणाले. "मनावर घेऊ नका. फारच वाटत असेल तर ऑनलाइन तुकडीत जा. तिथे निदान म्यूट करता येतं."

"त्यांना?"

"तुम्हाला," सर म्हणाले आणि फॉर्म पुढे सरकवला.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सारं सांगितलं. वाटलं, थोडा तरी ओशाळेल. तो ठसका लागेपर्यंत हसला. "म्हणजे कॉलेजात माझं नाव झालं म्हण की! आवाज कसा काढतात? काढून दाखव ना."

बाईंनी काढून दाखवला नाही. फॉर्म समोर ठेवून बसल्या. तिथे चाळीस जण हसतात, पण दोन तासांनी आपापल्या घरी जातात. इथे हसणारा एकच, पण त्याचं घर हेच. नवरा खांद्यावरून डोकावून म्हणाला, "ऑनलाइनच घे. मलाही जरा विरंगुळा."

त्यांनी फॉर्म फाडला.

दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावर एका मुलीने जागा अडवायला पिशवी ठेवली होती.

"मैत्रीण यायचीय," ती म्हणाली.

मुकादमबाईंनी पिशवी उचलून जमिनीवर ठेवली आणि बसल्या. मागे हशा पिकला. त्यांनी वही उघडून तारीख घातली.